तेविसावा ससा

"थांब वं पोरी, छातीत धडधड होऊन राह्यली," असं म्हणायचं, उजवा तळहात छातीवर ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि मग जे काम असेल ते करायचं. मावशींची ही रीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या फक्त हजेरीच्या वहीत सही करत होत्या. सही झाल्यावर त्यांनी टाक असा खाली ठेवला, जणू त्याला नांगी असावी.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. धाडपासून दोन कोसांवरच्या त्या गावात मी प्राथमिक शाळेची शिक्षिका म्हणून बुलढाण्याहून आले होते. वय बावीस, नोकरी कच्ची. त्याच वर्षी ग्रामपंचायतीच्या खोलीत बालवाडी निघाली होती आणि तिथे या मावशी नेमल्या गेल्या होत्या. सातवी पास, विधवा, वय पंचेचाळीसच्या आसपास. आम्ही दोघी एकाच मातीच्या घरातल्या शेजारशेजारच्या खोल्यांत राहत होतो. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्या पातेल्यात डाव फिरला तरी मला ऐकू यायचं. गावातली लहान मुलं त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले.

भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण मावशींची भीती सगळीकडे सारखी पसरलेली होती. एस.टी.चा भोंगा, विजा, मोकळा बैल, ग्रामसेवकाची सायकल, अनोळखी पाहुणा, तार, कुलूप. एकदा ब्लॉकच्या सरकारी कचेरीतून कोणी बालवाडीचा फोटो काढायला आलं. तो फोटो मी नंतर पाहिला. त्यात वीस-बावीस मुलं आहेत, आणि मागच्या खांबाआडून लुगड्याचं एक टोक बाहेर आलेलं आहे. तेवढ्याच मावशी.

मुलांच्या बाबतीत मात्र त्या भीतीचं रूप वेगळं असे. पाण्याच्या रांजणावर झाकण, झाकणावर दगड. खिडकीच्या गजांना चिंध्या गुंडाळलेल्या. मुलांची नखं त्या स्वतः कापायच्या. मी हसले की म्हणायच्या, "हास. तुले नाई समजणार."

त्या वर्षी पावसाळ्यानंतर वरून कागद आला की बालवाडीत खेळणी असावीत. खेळणी काही आली नाहीत, नुसता कागद आला. मावशींनी तो चार वेळा वाचला, छातीवर हात ठेवला आणि ठरवलं की खेळणी आपणच शिवायची. प्रत्येक मुलाला एक ससा. बालवाडीत मुलं तेवीस, म्हणून ससे तेवीस.

घराघरांतून जुनी धोतरं, लुगडी, सदरे मागून आणले. कापसाचे दिवस होते, त्यामुळे आत भरायला काही कमी नव्हतं. पहिला ससा झाला तेव्हा मी त्याला गाढव समजले. कान मोठे झाले होते. मावशींनी कान कापले, तर तो बोका झाला. दुसऱ्या खेपेला पाच ससे चांगले उतरले, पण कापसातली सरकी काढायची राहिली होती. सकाळी पाहिलं तर उंदरांनी पाचही पोटं फोडलेली, आणि खोलीभर कापूस. मग एका सशाला त्यांनी काळ्या दोऱ्याचे एवढाले डोळे काढले की एक मुलगा त्याला पाहून किंचाळला आणि दोन दिवस बालवाडीत आला नाही.

त्यानंतरची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. लाल कापडाचा एक ससा त्यांनी नमुना म्हणून एका मुलीच्या हातात दिला. मुलीने त्याचा कान तोंडात धरला आणि कापडाचा रंग सुटला. तिची आई घ्यायला आली तेव्हा मुलीची हनुवटी, गळा, झबलं सगळं लाल. ती बाई दारातच मटकन खाली बसली. मावशी धावल्या, पदराने मुलीचं तोंड पुसलं, बोट घालून दातांमधून पाहिलं, रक्त नव्हतं. सगळं निभावलं. पण संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर त्या तशाच, पदरावर लाल डाग घेऊन बसलेल्या होत्या. म्हणाल्या की आता बस, शिवणं बंद.

मीच त्यांना पुन्हा बसवलं. दिवाळीची सुट्टी जवळ आली होती, मुलं रोज विचारत होती. मी म्हटलं, रंगीत कापड आधी धुऊन घेऊ, सरकी मी काढून देते, शिवायलाही बसते. मावशींच्या चार सुया होत्या, तीन जाड आणि एक बारीक. लोकरी कापडाच्या एका तुकड्यावर त्या टोचून ठेवलेल्या असत. काम सुरू करताना त्या सुया मोजत आणि संपवतानाही मोजत. सतरा ससे त्यांनी शिवले, सहा मी.

शेवटचा ससा मी माझ्या जुन्या निळ्या पातळाच्या तुकड्यातून केला. सुट्टी लागण्याच्या दिवशी सकाळी मावशींच्या खोलीत बसून त्याचं पोट शिवत होते, तेवढ्यात माझ्या खोलीत स्टोव्हवर दूध उतू गेल्याचा वास आला. मी सुई होती तिथेच खोचली आणि पळाले. परत आले तेव्हा बाहेर मुलं गोळा झाली होती, गलका चालला होता. बारीक सुई दिसली नाही. मावशींनी उचलून ठेवली असेल असं मला वाटलं. मी जाड सुई घेतली, वर आलेला कापूस अंगठ्याने आत दाबला आणि पोट बंद केलं.

दुपारी बारापर्यंत तेवीस मुलं तेवीस ससे घेऊन घरी गेली. त्या दिवशी मी मावशींना छातीला हात न लावता हसताना पाहिलं.

तीन वाजता भिंतीपलीकडून हाक आली. मी गेले तर त्या जमिनीवर बसल्या होत्या आणि समोर तो लोकरी कापडाचा तुकडा होता. त्यावर तीन सुया.

आम्ही खोली झाडली. सतरंजी झटकली, चिंध्या एकेक करून उलगडल्या. शाळेच्या विज्ञानाच्या पेटीत घोड्याच्या नालासारखा एक लोहचुंबक होता, तो आणून मी सगळ्या जमिनीवरून फिरवला. एक गंजका बारीक खिळा निघाला, दुसरं काही नाही. तो चुंबक फिरवतानाच मला सकाळचं दूध आठवलं. निळं कापड आठवलं. अंगठ्याखाली दाबलेला कापूस आठवला.

मी ते बोलले नाही. जे बोलले ते असं होतं: सुई कचऱ्यात गेली असेल, उगाच गावभर करू नका, लोक काही बोलतील, बालवाडी बंद होईल. मावशी ऐकत होत्या. लहानपणी ऐकलेलं त्या मला सांगू लागल्या, की सुई एकदा अंगात शिरली की रक्तातून फिरत फिरत काळजापर्यंत जाते. आणि लेकरं तर सशाला तोंडात घालणार, उशाखाली घेणार, त्याच्यावर पडणार.

"मले भेव वाटते, पोरी," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मला वाटलं, त्या दार लावून घेणार. त्यांनी वहाणा घातल्या.

दिवस मावळायच्या आत आम्ही वीस घरं केली. दारात उभं राहून मावशी प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य म्हणत: "माह्या हातून सुई राह्यली असंन, ससा द्या." कुठे विचारपूस झाली, कुठे शिव्या मिळाल्या. मग त्या ओट्यावर बसून ब्लेडने सशाचं पोट उसवत, कापूस चिमटीचिमटीने मोकळा करत, एकेक पुंजका बोटांनी दाबून पाहत. चुंबक माझ्या हातात होता, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. समोर ते मूल उभं असे. सकाळी दिलेली वस्तू ज्यांनी दिली त्याच फाडत आहेत, हे पाहून काही रडत, काही नुसतं बघत. रडणारी बरी वाटायची.

एका मुलाने ससा कणगीमागे लपवला आणि नाही म्हणून सांगितलं. मावशी कणगीपाशी जमिनीवर बसल्या आणि त्याची समजूत काढत राहिल्या. शेवटी त्याने ससा दिला, पण फाडताना त्याचे डोळे झाका असं सांगितलं. मावशींनी सशाच्या डोळ्यांवर पदर टाकला आणि मग ब्लेड चालवलं.

मी मात्र कापड पाहत होते. माझ्या हातचा ससा पुढे आला की मी चुंबक आधीच पुढे धरायचे. पाच आले. पाचांत काही नव्हतं. निळा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन राहिलेले मिळाले. एक पोरगं आईबरोबर कापूस वेचायला शेतात गेलं होतं, ते बांधावर झोळीत झोपलेलं होतं. दुसरं घर बौद्धवाड्याच्या टोकाला. तिथली बाई मजुरीला निघतच होती. मावशींनी आपलं वाक्य म्हटलं तेव्हा ती रागावली नाही. तिने स्वतःच ससा उसवला, मावशींपेक्षा सावकाश, आणि कापूस सुपात पसरून दिला. "बाई, तुम्ही आधी पाणी प्या," ती म्हणाली. "बसा जरा." काल दुपारपासून आम्हाला कोणी बसा म्हटलं नव्हतं.

बावीस झाले. तेविसावा ससा ज्या मुलीकडे होता ती साडेतीन वर्षांची. तिची आई तिला घेऊन दिवाळीसाठी माहेरी डोणगावला गेली होती. सुट्टी लागली त्याच दुपारच्या गाडीने.

मुख्याध्यापकांच्या कानावर तोवर सगळं गेलं होतं. ते म्हणाले, बुलढाण्याहून तार करा. मावशींनी मान हलवली. "तार पाहूनच त्या घरची म्हातारी मरीन," त्या म्हणाल्या, "आन् ससा लेकराजवळच राहीन." हे सगळं होईतो त्या दिवशीची दुपारची गाडीही निघून गेली होती. पुढची दुसऱ्या दिवशी सकाळी.

मावशी त्या गावात आल्यापासून एस.टी.त बसल्या नव्हत्या. गाडी आली, भोंगा वाजला, त्यांनी माझा दंड धरला तो बुलढाण्यापर्यंत सोडला नाही. बुलढाण्याला गाडी बदलली, चिखलीला बदलली, मेहकरला बदलली. वाटेत त्यांना दोनदा उलटी झाली. खिडकीबाहेर कापसाची शेतं जात होती, बायका वाकून वेचत होत्या, आणि मला सगळीकडे कापूसच दिसत होता आणि कापसात काहीतरी चमकत होतं. त्या मुलीचं तोंड मला आठवेना. तिचा आवाज आठवत होता. मेहकरच्या स्टँडवर मला वाटलं की आता सांगावं. मी म्हटलं, "मावशी, तो निळा ससा..."

"उलीसं पाणी आन," त्या म्हणाल्या. मी पाणी आणायला गेले. परत येईपर्यंत डोणगावची गाडी लागली होती.

डोणगावात उतरलो तेव्हा दुपार कलली होती. घर विचारत गेलो. वळणावरून घर दिसलं आणि मावशी थांबल्या. त्या घराच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं बसलेली होती. सगळे पुरुष, सगळे गप्प, माना खाली. दाराशी पदर तोंडाला लावून एक म्हातारी उभी होती.

असं घर कशाचं असतं हे तुम्हाला सांगायला नको. मावशींनी छातीवर हात ठेवला, पण डोळे मिटले नाहीत. त्या चालू लागल्या. मी मागे.

जवळ गेल्यावर आतून एक खणखणीत, अनोळखी आवाज ऐकू आला. तो कापसाचे भाव सांगत होता. त्या घरी दिवाळीला रेडिओ आला होता आणि सगळी आळी तो ऐकायला जमली होती. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं. मावशींना यातलं काही झालं नाही. त्या सरळ म्हातारीजवळ गेल्या आणि लेकरू कुठे आहे ते विचारलं.

लेकरू आतल्या खोलीत झोपलं होतं. मुलीची आई आम्हाला ओळखून उठून आली, चकित झाली. म्हातारी सांगू लागली की पोर दोन रात्री सारखी दचकून उठते, रडते, दोनदा दृष्ट काढली. मुलीच्या उजव्या गालावर कानापर्यंत तीन-चार बारीक लाल रेघा होत्या. मांजरीने ओरबाडल्यासारख्या. गालाखाली निळा ससा होता.

मावशी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या. एक हात त्यांनी मुलीच्या डोक्याखाली घातला, डोकं अलगद वर उचललं आणि दुसऱ्या हाताने ससा काढून घेतला. मुलगी जागी झाली नाही. मग त्यांनी ससा दोन्ही हातांत धरून दाबला. ब्लेड लागलंच नाही. सुई त्यांच्या तळहातात शिरली. त्यांनी नुसती मान हलवली, बरोबर आहे अशी.

सुई काढून त्यांनी ती मुलीच्या आईच्या हातावर ठेवली. "माह्या हातून राह्यली," त्या म्हणाल्या.

मुलीचा मामा बाहेरून आत आला होता. त्याने सुई पाहिली, भाचीचा गाल पाहिला. तो वाईट माणूस नव्हता, पण घाबरलेला माणूस होता. तो पुष्कळ बोलला. लेकरं सांभाळायची अक्कल नाही तर ही कामं घेता कशाला, डोळ्यात गेली असती तर काय केलं असतं, तुमच्यासारखीच्या हाती पोरं द्यायची तरी कशी. मी तोंड उघडलं. मावशींनी सुई टोचलेल्या त्याच हाताने माझं मनगट दाबलं. ओला, कोमट हात. मी तोंड मिटलं. हे मी आजही नीट सांगू शकत नाही. त्यांनी दाबलं म्हणून मी गप्प बसले, की गप्प बसायला मला तेवढंच निमित्त हवं होतं?

रात्र तिथेच काढा, असं म्हातारीने म्हटलं, पण मावशी थांबल्या नाहीत. मेहकरला त्यांच्या दूरच्या नात्यातल्या एका बाईकडे आम्ही उतरलो. जाताना गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं, दूध, जाड सुई, अंगठा.

"मले मालूम हाय," मावशी म्हणाल्या. "निळं कापड तुहं होतं. आन् तुहा टाका मले ओळखू येते."

"मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुही नोकरी कच्ची हाय, पोरी. माह्यं काय?" मग म्हणाल्या, "सुया मोजायचं काम माह्यं होतं. सकाळी गडबडीत मोजल्या नाईत."

सुट्टीभर त्या शिवत बसल्या. घराघरांतून परत आणलेले बावीस फाडलेले ससे त्यांनी पुन्हा शिवले आणि तेविसावा नवा केला. प्रत्येक ससा शिवून झाला की माझ्याकडे द्यायच्या, मी दाबून पाहायचे, मग त्या दाबून पाहायच्या. सुट्टीनंतर त्यांनी ते घरोघर नेऊन दिले. काही आयांनी घेतले, काहींनी दारातूनच परत पाठवले.

दिवाळीनंतर ब्लॉकमधून चौकशीला माणूस आला. शाळेच्याच एका खोलीत बसून त्याने मावशींकडून लेखी जबाब घेतला. पलीकडच्या वर्गात मी तिसरीला पाढे म्हणायला लावले होते. मुलं मोठ्याने म्हणत होती आणि मी त्यांना आणखी मोठ्याने म्हणायला सांगत होते. महिन्याभरात बालवाडी दुसऱ्या बाईकडे गेली.

मावशी बीबी या गावी भावाकडे गेल्या. निघताना माझ्यावर रागावल्याचं काही दिसलं नाही. माझ्या खोलीच्या खिडकीचा एक गज सैल आहे, तो बसवून घे, इतकंच सांगून गेल्या.

पुढच्या वर्षी माझी नोकरी पक्की झाली. त्यानंतर मी मुख्याध्यापकांना जाऊन खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते म्हणाले की आता त्या बाई गेल्या, बालवाडी नीट चालली आहे, तुम्ही हे माझ्याजवळ बोललात ते पुरे. मला ते पुरे वाटलं नाही. पण मी आणखी कुणाजवळ बोललेही नाही. आज बोलते आहे.

बऱ्याच वर्षांनी त्यांच्या भावाचं पोस्टकार्ड आलं, मावशी वारल्याचं. कार्डावर लिहिलं होतं की त्या झोपेत गेल्या. झोपेत म्हणजे त्यांना कळलं नसेल, भीती वाटली नसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पण त्याच्या आधी मी एकदा बीबीला जाऊन त्यांना भेटले होते. त्या खूप वाळल्या होत्या. भावाची नातवंडं त्यांच्या अंगाखांद्यावर होती. आम्ही सशांबद्दल बोललो नाही. पिठलं-भाकरी खाल्ली, सुखदुःखाचं बोललो. संध्याकाळी त्या मला सोडायला गाडीपर्यंत आल्या. तसं गाडीपर्यंत नाही, रस्त्याच्या अलीकडे एक लिंबाचं झाड होतं, तिथपर्यंत. गाडी आली तेव्हा त्या दोन पावलं आणखी मागे सरल्या आणि बुंध्याला टेकल्या.

कंडक्टरने दारातून त्यांना हाक मारली, चढायचं आहे का म्हणून. त्या दचकल्या. मीच त्याला सांगितलं की त्या येणार नाहीत, मला पोचवायला आल्यात.

"मंग इतक्या दूर काऊन उभ्या?" त्याने विचारलं.

मी मागच्या बाकाकडे सरकले. त्याने घंटी वाजवली. गाडी वळेपर्यंत मी मागच्या काचेतून पाहत होते. त्या झाडाखाली पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि दुसरा हात हलवत होत्या, हळू, कोणाला दिसेल न दिसेल असा.